दट्ट्याच्या पेनाचे पथ्यपाणी

फाऊंटनपेनाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा गहिवरून लिहिले जाते. कुणाला मॅट्रिकच्या निकालादिवशी वडिलांनी खिशाला लावून दिलेले पेन आठवते, तर कुणाला शाळेच्या बाकावर सांडलेली शाई आठवते. या आठवणी खोट्या असतात असे नाही. परंतु त्यांचा त्या पेनाला काडीचाही उपयोग होत नाही. आठवण काढून झाली की पेन पुन्हा टेबलाच्या खणात जाते आणि तिथे पडल्या पडल्या वाळून जाते. म्हणून प्रस्तुत लेखात पेनाचे गुणगान नाही. त्याचे पथ्यपाणी कसे सांभाळावे एवढेच सांगायचे आहे, आणि तेही फाऊंटनपेनांच्या एका विशिष्ट जातीपुरते. ती जात म्हणजे पोटात दट्ट्या असलेली पेने.

हा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की सुताराला पटाशीला धार लावता येते, शिंप्याला कात्री आणि मशीन सांभाळता येते. मग ज्यांचा सारा व्यवहार लिहिण्यावर चालतो त्या आपणांस आपल्या हत्याराची चार अक्षरे ठाऊक असू नयेत काय? शिवाय पूर्वी गावोगावी पेन दुरुस्त करणारा एखादा तरी माणूस कोपऱ्यावर बसलेला असे. आता तसा माणूस शोधावा लागतो. तेव्हा जी विद्या त्याच्या बोटांत होती, ती थोडीफार आपल्या बोटांत आली नाही तर ही पेने आपल्या हयातीतच मुकी होतील.

आणि ही विद्या अवघड मुळीच नाही. खणात पडलेल्या पेनाला आपण 'बिघडले' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यातले काहीही मोडलेले नसते. ते वाळलेले असते, किंवा नको त्या जागी भिजलेले असते. या पेनाचे सारे दुखणे ओलाव्याचे आहे आणि सारे औषधही ओलाव्याचेच आहे. ओलावा जिथे हवा तिथे असावा आणि जिथे नको तिथे नसावा, एवढे एकच सूत्र धरून पुढचे सगळे वाचावे.

दट्ट्या कशासाठी?

टाक दौतीत बुडवून लिहिण्याचा काळ मागे पडला तो लुई वॉटरमन या अमेरिकन गृहस्थाने १८८४ साली घेतलेल्या पेटंटानंतर. निबेखाली बारीक खाचा असलेली एक पट्टी बसवून शाई हळूहळू, बेताने खाली यावी अशी व्यवस्था त्याने केली. या पट्टीला कारखानदार 'फीड' म्हणतात; आपले दुकानदार तिला 'जीभ' म्हणतात, आणि तेच नाव मला अधिक समर्पक वाटते. शाई खाली आणण्याचा प्रश्न सुटला. परंतु शाई पोटात भरण्याचा प्रश्न राहिलाच. ड्रॉपरने थेंब थेंब भरायची म्हटली तर बोटे रंगतात. मग रबराची पिशवी आली, ती दाबण्यासाठी अंगावर तरफ आली. पण रबर काही वर्षांनी कडक होते आणि फाटते.

यावर जर्मनीतील हॅनोव्हर येथील पेलिकन कंपनीने १९२९ साली एक निराळे पेन बाजारात आणले. त्यातली यंत्रणा थिओडोर कोव्हाच या हंगेरियन अभियंत्याच्या पेटंटावर आधारलेली होती. कल्पना अशी की पेनाची नळी हीच शाईची टाकी करावयाची आणि तिच्यात पिचकारीसारखा दट्ट्या ठेवावयाचा. पिचकारीत आपण दांडा ओढतो. इथे पेनाच्या शेपटाकडची कळ फिरवावयाची. कळ फिरते, पण आतल्या दांड्याला फिरण्याची मुभा नसते. त्यामुळे तो आट्यांवरून पुढे किंवा मागे सरकतो. पान्यात घट्ट धरलेल्या नटमधून बोल्ट फिरवला की जे होते, तेच. कोव्हाचची खुबी अशी की त्याने दोन निरनिराळ्या आट्यांची जोडी वापरली; म्हणून शेपटाकडची कळ जेमतेम वर उचलली जाते, परंतु आत दट्ट्या जवळजवळ सबंध नळीची लांबी कापतो.

पुढे हीच पद्धत अनेकांनी उचलली. माँब्लाँ कंपनीचे १९५२ सालचे १४९ क्रमांकाचे जाडजूड पेन दट्ट्याचेच. गेर्ड म्युलर यांनी आखलेले १९६६ सालचे लॅमी २००० हेही दट्ट्याचेच. ही दोन्ही पेने आजही तयार होतात. तैवान आणि चीन येथे बनलेली स्वस्त, पारदर्शक अंगाची दट्ट्याची पेने गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्याही हातांत दिसू लागली आहेत. अशा पेनात साधारण सव्वा ते दीड मिलिलिटर शाई मावते. लहान आकाराच्या तयार कार्ट्रिजमध्ये मावते तिच्या जवळजवळ दुप्पट. परीक्षेच्या तीन तासांत शाई संपण्याची धास्ती नाही, हे तिचे व्यावहारिक महत्त्व.

पण जिथे पिशवी नाही, कार्ट्रिज नाही, तिथे काढून टाकण्याजोगे काहीच नाही, हेही ध्यानात घ्यावे. पिशवी खराब झाली तर बदलता येते, कार्ट्रिज फेकून देता येते. दट्ट्याच्या पेनात पेन म्हणजेच टाकी. म्हणून त्याचे पथ्य थोडे अधिक.

पोटातला श्रावण

नळीतली शाई निबेच्या टोकाशी येते ती केशाकर्षणाने. दिव्याच्या वातीत तेल चढते, टिपकागदात शाई चढते, तसेच जिभेवरच्या आणि निबेच्या चिरेतल्या अरुंद वाटेने शाई पुढे सरते. शाई जितकी बाहेर गेली, तितकी हवा जिभेवरच्या त्याच वाटेने बुडबुड्यांच्या रूपाने आत जाते. शाई बाहेर आणि हवा आत, ही देवाणघेवाण नीट चालू असली की पेन चालते. तुंबली की पेन थांबते. आणि तिचा तोल गेला की पेन गळते.

आता शाईच्या वर जी हवा साठते तिच्याकडे पाहू. बंद नळीत पाण्यावर कोंडलेली हवा बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. बाहेर नागपूरचा वैशाख असो की रत्नागिरीचा आषाढ, पेनाच्या पोटातली हवा बाराही महिने श्रावणातली असते. त्यामुळे पेन जरा गार झाले की आतल्या भिंतीवर दहिवर धरते. खिशातल्या उबेतून काढून वातानुकूलित वाचनालयातल्या टेबलावर ठेवलेल्या पारदर्शक पेनात हे थेंब स्पष्ट दिसतात, आणि नव्याने पेन घेतलेले पुष्कळ जण ते पाहून घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. ते निव्वळ पाणी आहे. ऊब लागली की पुन्हा वाफ होऊन जाईल.

परंतु हीच बाष्पाने भरलेली हवा उन्हाळ्यात डाग पाडते. त्याचे गणित अगदी साधे आहे. पेनात १ मिलिलिटर हवा आहे असे समजा. तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले तर कोरडी हवा सव्वातीन ते साडेतीन टक्के फुगते. पण त्याच वेळी शाईतले आणखी पाणी वाफ होऊन त्या हवेत मिसळते आणि एकूण फुगवटा सहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ०.०६ मिलिलिटर, साधारण एक थेंब. तेवढा थेंब हवेने खालच्या शाईला ढकलून बाहेर काढलाच पाहिजे. जिभेच्या अंगावर जे दाते दिसतात ते शोभेचे नसतात. असा आगंतुक थेंब धरून ठेवण्यासाठी ती जागा केलेली असते. थेंब एक असला तर ती पुरते, दोन-तीन आले तर ओसंडते आणि आपल्या सदऱ्यावर उमटते.

यावरून दोन नियम आपोआप निघतात. पहिला, पेनात हवा जितकी कमी तितके गळण्याचे भय कमी. म्हणून शाई अगदी तळाशी जाईपर्यंत वाट न पाहता आधीच भरावी. दुसरा, खिशात पेन निब वर करून ठेवावे. मग फुगलेली हवा शाईला न ढकलता सरळ निबेतून निघून जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना आपण सुमारे तेराशे मीटर वर जातो आणि हवेचा दाब इतका उतरतो की पेनातली हवा साधारण सहाव्या हिश्श्याने फुगते. अर्धवट भरलेले पेन निब खाली करून पिशवीत टाकलेले असेल तर दोन थेंब पिशवीत पडलेच म्हणून समजावे. यात पेनाचा दोष काहीच नाही.

ओलावा हवा तिथे

निब, जीभ आणि दट्ट्याची नळीला टेकणारी कड, या तीन जागी ओलावा हवा.

शाईतले पाणी उडून जाते, रंग मात्र मागे राहतो. टोपण घट्ट बसत असेल तर हे हळूहळू घडते. पण घडते निश्चित. आज थोडे, उद्या थोडे करीत शाई दाट होते, जिभेच्या खाचांत साका बसतो, आणि शेवटी दट्ट्याची कड नळीला अक्षरशः चिकटते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. तिथे महिनाभर न उघडलेले पेन आणि कोकणात महिनाभर न उघडलेले पेन यांची अवस्था एक नसते. सुट्टीत घरी जाताना भरलेले पेन वसतिगृहाच्या टेबलावर ठेवून जाणाऱ्याने हे विसरू नये. एक तर ते बरोबर न्यावे, नाही तर धुऊन ठेवावे.

सर्वांत जुन्या दट्ट्याच्या पेनांना ओलाव्याची गरज आणखी मोठी होती. १९२९ नंतरची पहिली काही वर्षे दट्ट्याच्या टोकाला बुचाची चकती असे, मेणात मुरवलेली. बूच ओले असले की फुगून नळीशी गच्च बसते. कोरडे पडले की आक्रसते आणि शाई मागे जाऊ लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बुचाच्या जागी कृत्रिम पदार्थाची चकती आली आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. तरीही कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे असे बुचाचे पेन असेल, तर ते कोरडे करून कपाटात ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे. ते वापरीत राहावे.

कृत्रिम चकतीचे पेन मात्र वर्षानुवर्षे वाळले तरी उठून बसते. याचा मी अनुभव घेतला आहे. माझ्या मामांकडे पेलिकन ४०० होते. १९५० साली निघालेला हा नमुना, अंगावर हिरवे-काळे पट्टे आणि त्या पट्ट्यांमधून शाई दिसावी अशी रचना. मामा गेल्यावर ते बारा वर्षे कपाटात राहिले. मामींनी ते मला दिले तेव्हा म्हणाल्या, "चालत नाही रे, पण टाकवतही नाही." कळ जागची हलत नव्हती. एका दुकानात दाखवले तर तेथील गृहस्थांनी ती पकडीने फिरवून पाहण्याची तयारी केली. मी पेन परत मागून घेतले. घरी येऊन पेलाभर कोमट पाण्यात फक्त निबेचा भाग बुडेल असे ते उभे केले. पहिल्या दिवशी पाणी जेमतेम निळसर झाले. मी ते बदलले. दुसऱ्या दिवशी रंग अधिक उतरला, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. चौथ्या दिवशी कळ दोन बोटांच्या चिमटीत पाव फेरा फिरली, आणि निबेतून निळ्या शाईची एक धार पेल्यात उतरली. मामांनी शेवटची भरलेली शाई ती. मामी शेजारीच उभ्या होत्या. "त्यांचा हाच रंग," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पकड लागली असती तर आतला दांडा पिळवटला असता आणि ते पेन खरोखरच शोभेचे झाले असते. दट्ट्या अडला असता जोर करू नये, पाण्याला वेळ द्यावा, हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. पाणी आपल्याहून अरुंद वाटेने आत शिरते आणि त्याला घाई नसते.

ओलावा नको तिथे

दट्ट्याच्या पुढे शाई. दट्ट्याच्या मागे दांडा, आटे, कळ. ही मागची खोली कोरडी हवी.

दट्ट्याची कड नळीवरून सरकताना शाईचा अतिशय पातळ थर मागे ठेवते. चकती चांगली असेल तर तो नगण्य असतो. चकती झिजली, तिचे वंगण गेले, किंवा वाळलेल्या शाईच्या कणांनी तिच्यावर ओरखडे पडले की तिच्या कडेने शाई मागच्या खोलीत उतरू लागते. तिथे पाणी उडून जाते, साका राहतो, आट्यांमध्ये भरतो आणि कळ दिवसेंदिवस जड होते. यंत्रणेत साधे लोखंडी भाग असतील तर गंजही चढतो.

पारदर्शक पेनात हे आधीच ओळखता येते. दट्ट्याच्या मागे रंगहीन दहिवर दिसले तर ते बाष्प आहे. मागची खोली हवाबंद नसते, कळीच्या फटीतून ते आपोआप उडेल. मागे रंगीत थेंब किंवा रंगाचे कडे दिसले तर ती शाई आहे, आणि चकतीकडे पाहण्याची वेळ आली आहे. अंग अपारदर्शक असेल तर बोटांवर विश्वास ठेवावा. काल सहज फिरणारी कळ आज करकरते, उद्या अडते. हाच तिचा निरोप.

पावसाळ्याचा दुसरा शत्रू बुरशी. शाईत ती वाढू नये म्हणून कारखानदार जंतुनाशक घालतात. आपण मात्र दाट झालेल्या शाईच्या बाटलीत नळाचे पाणी ओततो, पेनातली उरलेली शाई पुन्हा बाटलीत सोडतो, आणि ते संरक्षण पातळ करून टाकतो. बाटलीत तंतू दिसले, वर साय धरली किंवा कुबट वास आला तर ती शाई कितीही महागाची असो, फेकून द्यावी. एका पेनातली बुरशी बाटलीत आणि बाटलीतून दुसऱ्या पेनात जाते. धुऊन अर्धवट ओले असतानाच टोपण लावून ठेवलेले पेन तर बुरशीला आमंत्रणच देते. त्याच्यात ओलावा राहतो, पण शाईतले औषध राहत नाही.

धुण्याची रीत

पेन रोज धुणे हेही पथ्य नव्हे. प्रत्येक धुण्यात दट्ट्या अनेकदा फिरतो आणि नळीवरचे वंगण कमी होते. शाईचा रंग बदलताना आणि एकच शाई असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा धुतले म्हणजे पुरे. रीत अशी:

निबेचा भाग साध्या किंवा कोमट पाण्यात बुडवावा. पाणी गरम नको. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग उडतो आणि काही प्लॅस्टिके वाकतात. कळ डावीकडे फिरवली की बहुतेक पेनांत दट्ट्या खाली जातो, उजवीकडे फिरवली की पाणी आत येते. आठ-दहा वेळा पाणी भरावे आणि सोडावे. पाणी स्वच्छ येऊ लागले की थांबावे. साका हट्टी असेल तर पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब टाकावा आणि नंतर साध्या पाण्याने तो पूर्ण काढावा. स्पिरिट, थिनर, नखांचा रंग उतरवण्याचे द्रावण यांपैकी काहीही पेनाजवळ आणू नये. त्यांनी अंग तडकते किंवा विरघळते. विहिरीचे किंवा बोअरिंगचे पाणी क्षारयुक्त असेल तर शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने करावे. मोटारीच्या बॅटरीत घालण्यासाठी ते गॅरेजात मिळते. मात्र तिथे ॲसिडही मिळते, तेव्हा बाटली वाचून घ्यावी.

धुतल्यावर आत चार-दोन थेंब राहतातच. लगेच शाई भरायची असेल तर त्यांची चिंता करू नये. पहिल्या चार ओळी फिक्या येतील एवढेच. पेन ठेवून द्यावयाचे असेल तर मात्र ते थेंब काढावेत. निबेला मऊ सुती कापड गुंडाळून, ताप पाहायच्या थर्मामीटरसारखे दोन-तीनदा हळूच झटकावे. मग पेल्याच्या तळाशी टिपकागदाची घडी ठेवून तिच्यावर निब टेकेल असे पेन उभे करावे. ज्या केशाकर्षणाने शाई कागदावर उतरते त्याच केशाकर्षणाने पाणीही उतरते. हिवाळ्यात दोन दिवस पुरतात, पावसाळ्यात चार-पाच लागतात. उन्हात ठेवू नये, केस वाळवण्याच्या यंत्राखाली तर मुळीच धरू नये. पूर्ण वाळलेले पेन पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवता येते. याला अपवाद दोन: बुचाच्या दट्ट्याचे पेन, कारण त्याला कोरडेपणा मानवत नाही, आणि जुन्या सेल्युलॉइडचे पेन, कारण त्या पदार्थातून बाहेर पडणारे वायू कोंडले की तो कुजतो. त्याला मोकळी हवा हवी.

वंगण कोणते?

कळ जड झाली की आपल्याकडचा पहिला उपाय खोबरेल तेल, दुसरा शिलाई मशीनचे तेल आणि तिसरा व्हॅसलीन. तिन्ही वर्ज्य. शाई वाहते ती जिभेची खाच शाईने ओली होते म्हणून. तेलकट ताटावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसते, हे आपण रोज पाहतो. जिभेला तेल लागले की शाईचेही तेच होते आणि भरलेले पेनही कोरडे लिहू लागते. शिवाय खनिज तेलाने काही जातीचे रबर फुगते.

योग्य वंगण म्हणजे शुद्ध सिलिकॉन ग्रीज. ते पाण्यात विरघळत नाही, वाळत नाही आणि चकतीला अपाय करीत नाही. विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या तोट्यांना लावण्यासाठी ते असते. मात्र ते सिलिकॉनचेच आहे ना, हे विचारून घ्यावे. ट्विस्बी या तैवानी कंपनीने तर आपल्या काही पेनांच्या खोक्यात छोटा पाना आणि या ग्रीजची डबीच दिली आहे. दुरुस्ती वापरणाऱ्याने करावी अशी अपेक्षा बाळगणारा कारखानदार विरळा, म्हणून हा उल्लेख. पेलिकनच्या पुष्कळ पेनांत निब आणि जीभ मिळून सबंध भाग आट्यांवर बसवलेला असतो. तो हलक्या हाताने फिरवून काढता येतो. मग दट्ट्या शेपटाकडे न्यावा, दात कोरण्याच्या काडीच्या टोकावर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे ग्रीज घ्यावे, नळीच्या आतल्या भिंतीला दट्ट्याजवळ लावावे आणि दट्ट्या चार-पाच वेळा खालीवर करावा. याहून जास्त घातले तर ते जिभेत जाते. प्रत्येक पेनाची निब अशी फिरवून निघत नाही. निघत नसेल तर ओढू नये. ते पेन जाणकाराच्या हातीच द्यावे.

शाईविषयी दोन शब्द

दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत ज्या उद्योगाची सुरुवात केली, तो आरंभी शाईचाच होता; पुढे तो कॅम्लिन नावाने घरोघरी पोहोचला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना शाई निवडण्याचा प्रश्नच कधी पडला नाही. आज बाजारात नाना तऱ्हेच्या शाया आहेत, आणि दट्ट्याच्या पेनात सगळ्या चालत नाहीत. साधी धुऊन निघणारी निळी शाई सर्वांत निर्धोक. ती वाळली तरी पाण्यात पुन्हा विरघळते. हिरडा-माजूफळांसारख्या पदार्थांतल्या तुरट द्रव्याची लोहक्षाराशी गाठ घालून केलेल्या शाया कागदावर टिकाऊ असतात, परंतु पेनात वाळल्या तर त्यांचा साका पाण्याला दाद देत नाही. तशा शाईचे पेन रोज चालवावे आणि वारंवार धुवावे. चित्रकलेची काळी शाई मात्र कोणत्याही फाऊंटनपेनात कधीच घालू नये. तिच्यात लाख असते. ती जिभेत बसली की जीभ कायमची बंद.

समारोप

इतके सारे लिहून झाल्यावर वाटते की पथ्यांची यादी पाहून एखादा वाचक म्हणेल, "नको ते पेन, आपला बॉलपेन बरा." त्याला माझे उत्तर असे की वरच्या सगळ्या नियमांना पर्याय म्हणून एकच नियम पुरतो, आणि तो म्हणजे रोज लिहिणे. रोज अर्धे पान लिहिणाऱ्याच्या पेनात शाई दाट होत नाही, जीभ वाळत नाही, बुरशीला सवड मिळत नाही, आणि आठवड्या-पंधरवड्याला शाई भरताना दट्ट्याही खालीवर होतो. नदी वाहती असली की स्वच्छ राहते, विहीर उपसली की झरे मोकळे राहतात. पेनाचे याहून वेगळे नाही. बाकीचे नियम त्यांच्यासाठी, ज्यांच्या हातून लिहिणे मध्ये मध्ये सुटते. आणि आपण सारेच त्यांत मोडतो.

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की कपाटाचा तो खण उघडावा. वडिलांचे, आजीचे, काकांचे एखादे पेन तिथे असेल. शेपटाकडे फिरणारी कळ दिसली तर ती फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. एक पेला कोमट पाणी घ्यावे, निब त्यात बुडवावी आणि वाट पाहावी.